उकाडा ओसरतानाचे बारा तास : एका अर्धमॅरेथॉनच्या वेळबदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोलार्धातील मध्य अक्षांशांत, समुद्रापासून दूर असलेल्या सपाट प्रदेशातील एका शहरातले आहे. शहराचे, संयोजक संस्थेचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे जाणीवपूर्वक दिलेले नाही. तापमाने आणि वेळा स्थूलमानाने नोंदवल्या आहेत. ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आणि तिच्याबरोबर १० किलोमीटरची धाव व्हायची होती. काही हजार धावपटूंनी नावे नोंदवली होती. मार्गाचा बराचसा भाग डांबरी रस्त्यांवरून जात होता आणि शेवट एका मोकळ्या मैदानात होता. त्या मैदानात वैद्यकीय तंबू, सामान ठेवण्याचे मंडप, बक्षीस समारंभाचे व्यासपीठ आणि अंतिम रेषेवरची हवा भरलेली कमान उभी राहणार होती.

उन्हाळा संपत येताना मध्य अक्षांशांतील हवामानाला एक विशिष्ट वळण लागते. ध्रुवीय प्रदेश थंड होऊ लागलेला असतो, तर खालच्या अक्षांशांत उन्हाळ्याची उष्णता अजून टिकून असते. दोहोंमधील तापमानाचा फरक वाढतो, त्याबरोबर वरच्या थरातील जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचा पट्टा, जोर धरतो आणि दक्षिणेकडे सरकू लागतो. परिणामी, भर उन्हाळ्यात जवळजवळ न जाणवणाऱ्या शीत आघाड्या या काळात धारदार होतात. शीत आघाडी म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड. थंड हवा जड असल्यामुळे ती उबदार हवेच्या खाली पाचरीसारखी शिरते आणि तिला वर उचलते. या उचलण्यातूनच गडगडाटी ढग, पाऊस आणि सोसाट्याचे वारे निर्माण होतात.

आघाडी येण्यापूर्वीचा दिवस बहुधा त्या आठवड्यातला सर्वांत उष्ण दिवस ठरतो, ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. आघाडीच्या पुढे दक्षिण किंवा नैऋत्येकडून वारे वाहतात आणि ते खालच्या अक्षांशांतली उष्ण हवा ओढून आणतात. उन्हाळाभर वाळलेल्या मातीत बाष्पीभवनासाठी ओलावा कमी उरलेला असतो, त्यामुळे सूर्याची ऊर्जा पाणी आटवण्यात खर्च होण्याऐवजी थेट हवा तापवते. थंडावा जवळ आला की उष्णता हळूहळू उतरू लागेल, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात उष्णता शेवटच्या क्षणापर्यंत चढत जाते आणि मग काही मिनिटांत कोसळते.

समस्या

सोमवारी, म्हणजे स्पर्धेच्या पाच दिवस आधी, सर्व प्रमुख अंदाज एका मुद्द्यावर एकमत होते: आठवडाअखेर उकाडा संपेल. संयोजकांनी आणि धावपटूंनी ही वार्ता आनंदाने स्वीकारली. मंगळवारच्या अंदाजानुसार आघाडी शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास शहर ओलांडणार होती. तसे झाले असते, तर सहा वाजता सुटणारी शर्यत थंड, कोरड्या हवेत झाली असती. समितीच्या त्या दिवशीच्या टिपणात हवामानाविषयी एकच वाक्य आहे आणि त्याचा आशय असा की, परिस्थिती अनुकूल असल्यामुळे कोणताही बदल आवश्यक नाही.

बुधवारी आघाडीची गती मंदावल्याचे दिसू लागले. वरच्या थरातील वारे आघाडीला काटकोनात न राहता जवळजवळ समांतर होत होते. असे झाले की तिला पुढे ढकलणारा जोर कमी होतो. शिवाय आघाडीवरच एखादा लहान कमी दाबाचा भाग तयार झाला, तर ती कित्येक तास एका जागी रेंगाळू शकते. आघाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर तिच्या स्थानातील २०० किलोमीटरची चूक वेळेत पाच तासांची चूक होते. खंडाच्या नकाशावर २०० किलोमीटर हे बोटभर अंतर आहे, परंतु शर्यतीच्या वेळापत्रकात पाच तास म्हणजे दोन संपूर्ण शर्यती.

समितीच्या हवामान सल्लागाराने या टप्प्यावर समूह-अंदाजाचा आधार घेतला. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्र १९९२ पासून अशा पद्धतीचे अंदाज नियमित काढत आले आहे. सुरुवातीच्या स्थितीत सूक्ष्म फरक करून तेच संगणकीय प्रारूप अनेक वेळा चालवले जाते आणि अशा एक्कावन्न धावांमधून, म्हणजे प्रारूप चालवण्याच्या फेऱ्यांमधून, शक्यतांचा पसारा दिसतो. बुधवारी संध्याकाळी हा पसारा मुख्यतः शनिवारी दुपारी तीनपासून रविवारी सकाळी सहापर्यंत पसरलेला होता. तापमान किती घसरणार याबाबत मात्र बहुतेक धावा एकमेकींच्या जवळ होत्या: दिवसाच्या उष्णतेच्या तुलनेत पंधरा अंशांहून अधिक.

काय होणार हे जवळपास निश्चित होते. केव्हा होणार हे अनिश्चित होते. समितीपुढचा प्रश्न मात्र संपूर्णपणे ‘केव्हा’चा होता. या विसंगतीकडे मी वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो, कारण अंदाजावर विश्वास आहे की नाही, अशा स्वरूपात चर्चा सुरू झाली की ती नेहमी चुकीच्या दिशेने जाते. एकाच अंदाजाचा एक भाग अत्यंत भरवशाचा आणि दुसरा भाग अत्यंत सैल असू शकतो. समितीतील दोन सदस्य बुधवारी रात्री ‘अंदाज बदलत आहेत, त्यामुळे कशावरच विसंबता येत नाही’ असे म्हणत होते. वास्तविक बदलत होती ती केवळ वेळ.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट होती. रविवारचे कमाल तापमान एका स्रोतात २५ अंश, तर दुसऱ्यात १९ अंश दाखवले जात होते. दोन्ही आकडे बरोबर होते. आघाडी मध्यरात्रीनंतर ओलांडणार असेल, तर रविवार लागताक्षणी, म्हणजे रात्री बारा वाजून काही मिनिटांनी, हवा अजून उबदार असते आणि दिनांकानुसार मोजलेले कमाल तापमान तेव्हाच नोंदले जाते. प्रत्यक्ष दिवसा पारा त्याच्या जवळपासही जात नाही. एका स्रोताने चोवीस तासांतील कमाल दिले होते, दुसऱ्याने फक्त दिवसाच्या प्रकाशातील. सल्लागाराने गुरुवारी हे स्पष्ट करेपर्यंत समितीतील काहींचा असा समज होता की, दोन संस्थांमध्ये थंडाव्याच्या प्रमाणावर तीव्र मतभेद आहेत.

धोका कसा मोजला गेला

केवळ तापमानावरून धावपटूंचा धोका ठरत नाही, हे वैद्यकीय प्रमुखांनी सुरुवातीपासून आग्रहाने मांडले. त्यांनी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) हा उष्णतेचा ताण मोजणारा निर्देशांक वापरला. ओल्या फुग्याच्या, म्हणजे फुगा ओल्या कापडात गुंडाळलेल्या, तापमानमापीला त्यात सत्तर टक्के, सूर्यप्रकाश शोषणाऱ्या काळ्या गोलातील तापमानाला वीस टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला केवळ दहा टक्के वजन दिले जाते. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी प्रशिक्षण केंद्रांतील उष्माघात टाळण्यासाठी तो विकसित झाला. ओल्या फुग्याला एवढे वजन असण्याचे कारण शारीरिक आहे: धावणारे शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर घाम नुसता ओघळतो, उष्णता घेऊन जात नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शनानुसार हा निर्देशांक २८ अंशांच्या वर गेल्यास लांब पल्ल्याच्या धावेचा धोका अतिशय जास्त मानला जातो आणि स्पर्धा पुढे ढकलण्याचा विचार करावा असे सुचवले जाते. आघाडी उशिरा आली, तर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता हवेचे तापमान ३५ अंश आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान; तो जितका जास्त, तितके हवेत बाष्प जास्त) २० अंश असणार होता. डांबर दिवसभर तापलेले असणार होते. त्यावरून निर्देशांक २८ ते २९ निघत होता. शनिवारी पहाटे तो २३ ते २४ आणि रविवारी सकाळी १५ च्या आसपास निघत होता.

वैद्यकीय प्रमुखांनी ७ ऑक्टोबर २००७ च्या शिकागो मॅरेथॉनचा दाखला दिला. त्या दिवशी अवेळी आलेल्या उष्णतेमुळे, शर्यत सुरू होऊन साडेतीन तास झाल्यावर संयोजकांना ती मध्येच थांबवावी लागली. हजारो लोक मार्गावर विखुरलेले असताना त्यांना परत आणणे, पाणी पुरवणे आणि ‘आता धावू नका’ हे प्रत्येकापर्यंत पोहोचवणे हे शर्यत सुरूच न करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

विचारात घेतलेले पर्याय

गुरुवारी दुपारी बैठक झाली. रस्ते बंद ठेवण्याच्या परवानगीत बदल करायचा असल्यास त्याच संध्याकाळपर्यंत कळवणे बंधनकारक होते, त्यामुळे अधिक चांगल्या अंदाजाची वाट पाहण्याची मुभा नव्हती. चार पर्याय पुढे आले.

मूळ वेळ कायम ठेवण्याच्या बाजूने स्पर्धा संचालक होते. त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता: समूह-अंदाजातील सुमारे एक तृतीयांश धावांत आघाडी सहाच्या आधीच पोहोचत होती आणि तसे झाल्यास सगळे सुरळीत पार पडले असते. परंतु उरलेल्या दोन तृतीयांश धावांत दोनच शक्यता होत्या: एक तर शर्यत पूर्ण उष्णतेत होणार, किंवा आघाडी आणि तिच्यापुढची वादळी ढगांची रांग नेमकी शर्यतीच्या मध्यावर येणार. ही दुसरी शक्यता सल्लागाराला सर्वांत घातक वाटत होती. उष्णतेने थकलेले लोक मार्गावर पसरलेले असताना विजा आणि सोसाट्याचे वारे आले, तर आसरा देण्याची कोणतीही सोय तेथे नव्हती. विजांबाबतचा सर्वमान्य नियम असा आहे की, गडगडाट ऐकू आल्यावर उघड्यावरचे काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. शर्यतीच्या मध्यावर हा नियम पाळणे म्हणजे शर्यत संपवणेच होते.

शनिवारी पहाटे शर्यत घेण्याचा पर्याय वैद्यकीय प्रमुखांना पसंत होता. त्या वेळेचे हवामान त्या आठवड्यात रोज पाहिलेले होते, अनिश्चितता अत्यल्प होती. अडचण व्यवस्थेची होती. बाहेरगावचे धावपटू शनिवारी दुपारपर्यंत पोहोचणार होते, धावक्रमांकांचे वाटप शनिवारी सकाळी ठेवलेले होते आणि बारा तास आधी बोलावलेल्या स्वयंसेवकांपैकी किती जण येतील, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. शर्यत पुढे ढकलली, तर बातमी उशिरा मिळालेला माणूस फार तर थांबून राहतो. आधी आणली, तर तो शर्यतीलाच मुकतो. हा फरक बैठकीत निर्णायक ठरला आणि माझ्या मते तो योग्य रीतीने ठरला.

रविवारी सकाळी आठचा पर्याय सल्लागाराने मांडला. एक्कावन्नांपैकी चार-पाच धावांतच आघाडी तोपर्यंत शहराच्या पश्चिमेला अडकलेली दिसत होती आणि तशा स्थितीतही ढगाळ आकाशामुळे निर्देशांक धोक्याच्या पातळीपर्यंत जात नव्हता. फक्त पाऊस आणि विजांसाठी सुरुवात दोन तासांपर्यंत लांबवण्याची तयारी ठेवावी लागणार होती. स्पर्धा रद्द करण्याच्या पर्यायावर फारशी चर्चा झाली नाही. रविवार उपलब्ध असताना तशी गरजही नव्हती.

घेतलेले निर्णय आणि कृती

सुमारे दोन तासांच्या चर्चेनंतर स्पर्धा रविवारी सकाळी आठला घेण्याचे ठरले. रस्त्यांच्या परवानग्या बदलून मिळाल्या आणि शुक्रवारी सकाळी सर्व धावपटूंना संदेश गेला. त्या संदेशाचा गाभा असा होता: अतिउष्णतेमुळे शर्यत शनिवार संध्याकाळऐवजी रविवारी सकाळी, थंड हवेत होईल.

निर्णयाची गुणवत्ता आणि त्याचे फलित यांत गल्लत होऊ नये, यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पुढे जे घडले त्यावरून गुरुवारचा निर्णय बरोबर होता असे सगळे म्हणतात. पण आघाडी शनिवारी दुपारी तीनला आली असती आणि संध्याकाळ आल्हाददायक गेली असती, तरीही तो निर्णय तितकाच बरोबर ठरला असता. ज्या माहितीवर तो घेतला गेला, तिच्यानुसार मूळ वेळी धावपटूंना गंभीर इजा होण्याची शक्यता मोठी होती आणि रविवारी ती फार लहान होती.

गुरुवारच्या बैठकीत एक प्रश्न मात्र विचारलाच गेला नाही: शनिवारी संध्याकाळी मैदानावर कोण असेल? शर्यत रविवारी सकाळी असल्याने तंबू आणि व्यासपीठ उभारण्याचे काम साहजिकच शनिवारी दुपारी आणि संध्याकाळी होणार होते. धावपटूंना ज्या बारा तासांपासून दूर ठेवण्यासाठी शर्यत हलवली, नेमक्या त्याच बारा तासांत उभारणीचे कामगार आणि स्वयंसेवक मोकळ्या मैदानात ठेवले गेले. सल्लागाराच्या लेखी टिपणात गडगडाटी वादळाचा उल्लेख होता, परंतु तो चौथ्या परिच्छेदात होता. वरचे तीन परिच्छेद उष्णता, निर्देशांक आणि आघाडीची वेळ यांविषयी होते. उभारणी पाहणाऱ्या प्रमुखांनी ‘रविवारी थंड आणि कोरडे’ एवढेच लक्षात ठेवले.

शनिवारची संध्याकाळ

शनिवारी पारा ३६ अंशांपर्यंत गेला. सहाच्या सुमारास पश्चिम क्षितिजावर ढगांची काळी रांग दिसू लागली आणि सातच्या थोडे पुढे वादळ मैदानावर आले. ही मुख्य आघाडी नव्हती. तिच्या कित्येक तास पुढे धावणारी वादळी ढगांची रांग होती. अशा रांगेतील पावसामुळे थंड झालेली हवा जमिनीवर आदळून पुढे पसरते आणि पावसाआधीच तिचा झोत येऊन धडकतो. झोत ताशी ९० किलोमीटरच्या आसपास गेला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ४५ किलोमीटर वाऱ्यात जेमतेम टिकणाऱ्या तंबूवर या झोतात चौपट दाब येतो. दोन मोठे तंबू कोसळले, कमान उडून कुंपणावर अडकली आणि तंबूचा खांब लागून एका स्वयंसेवकाच्या हाताला दुखापत झाली. रडारवर रांग स्पष्ट दिसू लागल्यावर सल्लागाराने वादळापूर्वी सुमारे चाळीस मिनिटे दूरध्वनीने इशारा दिला होता आणि बहुतेक लोक शेजारच्या इमारतीत गेले होते, म्हणून हे तेवढ्यावर निभावले.

ऑगस्ट २०११ मध्ये बेल्जियममधील हासेल्टजवळ पुकेलपॉप या खुल्या संगीत महोत्सवावर असेच वादळ आले होते. तात्पुरते मंडप आणि रचना कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. उष्ण दिवसाच्या शेवटी येणारे वारे तात्पुरत्या रचनांना किती घातक ठरतात, हे त्या घटनेने सर्व संयोजकांपुढे ठेवलेले आहे. म्हणूनच शर्यत हलवणे आणि मैदान सुरक्षित करणे हे दोन स्वतंत्र निर्णय मानले जायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

त्यानंतरचा निर्णयबिंदू या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा आहे. पंधरा मिनिटांत तापमान ३३ वरून २१ अंशांवर आले, पाऊस थांबला आणि मैदानावरील प्रत्येकाने समजून घेतले की थंडावा आला, आघाडी गेली. उभारणीच्या चमूने रात्री दहापासून तंबू पुन्हा उभे करण्याची तयारी सुरू केली. सल्लागाराने नोंदी पाहिल्या. दवबिंदू १९ अंशांवरच होता. वारा तासाभरात पुन्हा दक्षिणेकडून वाहू लागला होता. हवेचा दाब वादळाच्या वेळी एकदम चढून परत उतरत होता. आघाडी खरोखर गेली असती, तर वारा वायव्येकडे वळून तेथेच स्थिरावला असता, दाब सतत चढत राहिला असता आणि दवबिंदू कोसळला असता. या तीनपैकी एकही खूण नव्हती. आलेला गारवा हा वादळाच्या पावसाने तयार केलेला थंड हवेचा स्थानिक साठा होता. हवेची मूळ रास बदललेली नव्हती. उपग्रह आणि जमिनीवरील केंद्रांच्या नोंदींनुसार मुख्य आघाडी अजून दोनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेला होती.

सल्लागाराने वारा वळेपर्यंत काहीही उभारू नये असे सांगितले. चमूचा याला विरोध होता आणि तो समजण्यासारखा होता: हवा शांत होती, हाताशी माणसे होती आणि पहाटे ती परत मिळतील याची शाश्वती नव्हती. स्पर्धा संचालकांनी सल्लागाराची बाजू घेतली. मध्यरात्रीपर्यंत तापमान पुन्हा २४ अंशांवर चढले आणि हवा चिकट झाली, तेव्हा लोकांना ते पटले. मुख्य आघाडी पहाटे साडेतीनच्या सुमारास, थोड्या पावसासह आणि ताशी ६० किलोमीटरच्या झोतांसह ओलांडून गेली. पाच वाजता, वारा वायव्येकडे स्थिर झाल्यावर, कमी संख्येने आणि कमी उंचीचे तंबू उभारण्यात आले. वैद्यकीय तंबूला प्राधान्य दिले गेले. व्यासपीठ वगळण्यात आले.

परिणाम

शर्यत नियोजित वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा, साडेआठला सुटली. तापमान १४ अंश होते, दवबिंदू १० अंशांपर्यंत उतरला होता, आकाश निवळत होते आणि वायव्येकडून ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत होता, अधूनमधून ५० पर्यंतचे झोत येत होते. धावण्यासाठी ही हवा उत्तम होती. अडचण धाव संपल्यावर सुरू झाली.

धावताना शरीर भरपूर उष्णता निर्माण करते, थांबताच ती निर्मिती घटते. घामाने भिजलेले कपडे, कोरडी हवा आणि सततचा वारा यांमुळे बाष्पीभवन वेगाने चालू राहते आणि जे बाष्पीभवन शनिवारी जीव वाचवणारे ठरले असते, तेच रविवारी शरीराची ऊब काढून घेत होते. अंतिम रेषेचे मैदान वायव्येकडून पूर्णपणे उघडे होते आणि आडोसा देणारे दोन मोठे तंबू आदल्या संध्याकाळीच कोसळलेले होते. अडीच तासांहून अधिक वेळ घेणारे धावपटू विशेष त्रासात होते, कारण शेवटच्या टप्प्यात ते चालत येत होते आणि त्यांच्या शरीरात उष्णता कमी तयार होत होती. थरथर, बधिर बोटे आणि अस्पष्ट बोलणे अशा तक्रारी घेऊन अनेक जण वैद्यकीय तंबूत आले. पांघरण्याच्या चंदेरी चादरी लवकरच संपल्या. त्यांची मागणी दोन महिन्यांपूर्वी उन्हाळी शर्यत गृहीत धरून नोंदवलेली होती आणि शर्यतीचा दिवस बदलला तरी साहित्याची यादी बदलली गेली नव्हती. बहुतेक धावपटू बिनबाह्यांच्या पातळ कपड्यांत आले होते, कारण त्यांना मिळालेल्या संदेशात उष्णतेपासून सुटकेचा उल्लेख होता, वाऱ्याचा नव्हता.

कोणालाही रुग्णालयात दीर्घकाळ ठेवावे लागले नाही. येथे एक तपशील नोंदवणे आवश्यक वाटते. दहा किलोमीटरच्या धावेतील एक तरुण धावपटू अंतिम रेषेजवळ कोसळला, तेव्हा त्याच्या शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर होते आणि तो गोंधळलेल्या अवस्थेत होता. श्रमजन्य उष्माघात थंड दिवशीही होऊ शकतो, विशेषतः कमी अंतर अतिवेगाने धावणाऱ्यांना. बर्फाच्या पाण्याचा टब तयार असल्यामुळे त्याला तेथेच, अर्ध्या तासाच्या आत थंड करता आले आणि त्यानंतरच रुग्णालयात हलवण्यात आले. थंड हवेचा अंदाज आहे म्हणून टब रद्द करावेत, अशी सूचना शनिवारी सकाळी आली होती. वैद्यकीय प्रमुखांनी ती नाकारली होती.

काय वेगळे करता आले असते

वैद्यकीय साहित्याच्या यादीत उष्णतेच्या जागी थंडी लिहिणे हा उपाय नव्हता. दोन्हींची तयारी एकाच वेळी हवी होती. चीनमधील बाइयिन येथे २२ मे २०२१ रोजी झालेल्या १०० किलोमीटरच्या डोंगराळ शर्यतीत अचानक आलेल्या थंड वाऱ्यापावसात १७२ पैकी २१ धावपटू मरण पावले. तेथील उंची, अंतर आणि भूप्रदेश वेगळे होते, त्यामुळे दोन्ही प्रसंगांची थेट तुलना करता येत नाही. परंतु हवा बदलण्याच्या दिवशी उबदार कपडे धावपटूपाशी असणे किती निर्णायक ठरते, हे तेथे दिसले. या शहरात गुरुवारी संध्याकाळी निर्णय झाला आणि शुक्रवारचा संपूर्ण दिवस हाताशी होता; चादरींची जादा मागणी आणि ‘शर्यतीनंतर घालण्यासाठी कोरडा, बाह्यांचा सदरा सोबत आणावा’ हे एक वाक्य, एवढ्याने बराच त्रास टळला असता.

सल्लागाराचे टिपण कोणत्या क्रमाने लिहिले जावे, यावर नंतरच्या आढावा बैठकीत सर्वाधिक वेळ गेला आणि तो योग्य कारणी लागला. हवामानाच्या घटनांनुसार लिहिलेले टिपण हवामानतज्ज्ञाला सोयीचे असते. वाचणाऱ्याला मात्र स्वतःच्या कामाचे उत्तर हवे असते. उभारणी प्रमुखाला कोणत्या तासांत वारा किती वाहील हे हवे होते. वैद्यकीय प्रमुखाला निर्देशांक आणि अंतिम रेषेवरची थंडी. संपर्क पाहणाऱ्यांना धावपटूंनी काय घालून यावे हे. एकाच अंदाजातून तीन स्वतंत्र, प्रत्येकी पाच-सहा ओळींची टिपणे काढली असती, तर चौथ्या परिच्छेदातील वादळ कोणाच्या नजरेतून सुटले नसते. आढाव्यात एका सदस्याने सुचवले की टिपणाची पहिली ओळ नेहमी सर्वांत वाईट शक्यतेची असावी. मला हे पूर्णपणे मान्य नाही. तसे केल्यास प्रत्येक टिपण धोक्याच्या सुरात सुरू होईल आणि काही महिन्यांत त्या ओळीकडे कोणी लक्ष देणार नाही. पहिली ओळ वाचणाऱ्याने आज काय ठरवायचे आहे याविषयी असावी, हे अधिक टिकाऊ वाटते.

निर्णयाची वेळही पुन्हा तपासण्यासारखी आहे. मंगळवारी एकाच प्रारूपाच्या एकाच वेळेवर समितीने समाधान मानले, तेव्हाच समूह-अंदाज मागवला असता तर पसारा एक दिवस आधी दिसला असता. तो मंगळवारीही रुंदच असणार होता. त्यातून निर्णय होऊ शकला नसता, परंतु पर्यायांची तयारी सुरू झाली असती आणि कदाचित शनिवार पहाटेचा पर्याय व्यवस्थेच्या अडचणीमुळे बाद करावा लागला नसता. तो पर्याय घेतला असता, तर मैदान शनिवारी दुपारपर्यंत रिकामे करता आले असते आणि वादळाला तेथे कोसळवण्यासाठी काही उरले नसते. ओला, चिकट उबारा सोसावा लागला असता आणि निर्देशांक मध्यम ते जास्त धोक्याच्या सीमेवर राहिला असता, हे खरे. या दोहोंतील निवड आजही मला सोपी वाटत नाही.

पुढील वर्षासाठी समितीने तीन गोष्टी लेखी स्वरूपात निश्चित केल्या. निर्देशांक २८ च्या वर जाण्याची शक्यता समूह-अंदाजात एक तृतीयांशाहून अधिक असल्यास वेळबदलाची बैठक आपोआप बोलावली जाईल. ताशी ६० किलोमीटरच्या झोतांचा अंदाज असल्यास, शर्यत केव्हाही असो, तंबू उतरवले जातील आणि वारा वळून दवबिंदू उतरल्याची नोंद मिळेपर्यंत ते पुन्हा उभारले जाणार नाहीत. आणि अंतिम रेषा मैदानाच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेच्या इमारतीच्या आडोशाला हलवण्यात येईल, कारण ऑगस्टअखेरीस आघाडीनंतरचा वारा तेथे बहुधा वायव्येकडूनच येतो.